शेवटचे चाळीस मीटर

४ जानेवारी, रविवार

साडेसहाला पाण्यावर. वारा नावालाच होता. ईशान्येकडून आला, पाच मिनिटं राहिला, मेला, मग दुसऱ्याच बाजूनं उठला. थंडीत धरणावर हे असंच. नौदलात पंधरा वर्षं काढली, समुद्रावर वाऱ्याला एक दिशा तरी असायची. इथं होडी पुढं न्यायची म्हणजे चार-चार झुळका वेचत जायचं.

काल पत्र आलं. राज्य निवड स्पर्धा यंदा आमच्या पाण्यावर. ७ आणि ८ फेब्रुवारी. आठ वर्षांपूर्वी मी पहिली होडी पाण्यात घातली तेव्हा साखरा गावची माणसं काठावर येऊन बसायची, हा बुडतो कधी ते बघायला. आता सहा होड्या, पत्र्याचं शेड आणि चौदा लेकरं आहेत. एकटीनं चालवायच्या होडीत मुलींमध्ये जी पहिली येईल तिला मुंबईच्या केंद्रात दोन वर्षं राहून शिकता येणार. पुढं देशाकडून खेळता येईल. जागा एकच आहे.

ती जागा राजनंदिनीची. बापानं असं लिहू नये, पण ही वही माझ्यापुरतीच आहे. नवव्या वर्षापासून तिला शिकवून राहिलो. आता अकरावीत आहे. याच्यासाठीच तर सगळं केलं.

आज ती वीस मिनिटं उशिरा आली. शेजारच्या तांड्यावर थावराची शेळी व्यायली म्हणून तिकडं गेली होती. अंगाला वास येत होता. बोललो असतो तर सकाळ वाया गेली असती.

अंग जड वाटतं. थंडीमुळं असेल.

७ जानेवारी, बुधवार

पाचला उठून पाणी, दहाला शाळा, साडेपाचला पुन्हा पाणी. शाळेत तिसऱ्या तासाला नववीची पोरं कवायतीला उभी होती आणि मी खुर्चीत झोपलो. उठलो तर पोरं तशीच, हात वर करून. कुणी हसलं नाही. त्याचीच जास्त लाज वाटली.

घरी बायकोनं, साधनानं, विचारलं, जेवण का नको. भूक नाही म्हणालो. ती म्हणाली की राजीपण हेच सांगून झोपायला गेली, तुमी दोघं एकमेकांना थकवून राहिला. मी म्हणालो, महिनाभराचा प्रश्न आहे. ती म्हणाली, मागल्या वर्षीपण महिनाभराचाच होता.

११ जानेवारी, रविवार

सरावाची शर्यत घेतली. पुजा जिंकली.

पुजा म्हणजे धर्मसिंगची पोरगी. तो धरणात जाळी टाकतो. तिच्याकडं आमची सगळ्यांत जुनी होडी आहे, शिडाला तीन ठिगळं. नवी होडी राजनंदिनीला लागते, दुसऱ्या दोन लहान पोरांना शिकवायला लागतात, म्हणून जुनी तिला. ती कधी तक्रार करत नाही.

मी काठावरून राजनंदिनीला ओरडून सांगत होतो. पालट, आता पालट, डावीकडं जा. ती बरोबर तसं करायची. पण मी सांगेपर्यंत आणि तिनं होडी फिरवेपर्यंत झुळूक निघून गेलेली असायची. पुजा तिकडं मान वाकडी करून पलीकडच्या काठाकडं बघत बसलेली. माझ्याकडं तर बघतच नाही. दोनदा हाक मारली, तिला ऐकूच गेलं नाही. आणि तिच्याच शिडात वारा. नशीब म्हणायचं.

शर्यतीनंतर पुजाला सांगितलं की सूचनांकडं लक्ष देत जा. 'व्हय सर' म्हणाली.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. शाळेला सुटी, पण पाण्याला नाही. नंतर साधना तिळगूळ घेऊन शेडवर आली. एवढ्या वर्षांत दुसऱ्यांदा. तिथं बसून होड्यांकडं बघत राहिली. मग म्हणाली, तिला एकदा विचारा की तिला काय करायचं हाये.

मला हसू आलं. आठ वर्षं झाल्यावर काय विचारायचं? पोहता येत नव्हतं तेव्हा पाण्यात उतरली ती पोर.

संध्याकाळी राजनंदिनीच्या पुस्तकात पशुसंवर्धन पदविकेचं माहितीपत्रक सापडलं. कडा दुमडलेल्या, दोन ओळींखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली. वर्गातल्या मैत्रिणीचं असेल. परत ठेवलं.

१९ जानेवारी, सोमवार

आज चिडलो. चिडायला नको होतं.

वारा पूर्ण पडला होता. पाणी आरशासारखं. अशा वेळी होडीत हललं की वेग मरतो, म्हणून श्वाससुद्धा जपून घ्यायचा, हे मी तिला शंभरदा सांगितलंय. आणि ती शिडाची दोरी सोडून पाय पसरून पडली, आभाळाकडं तोंड करून. मी ओरडलो की हा खेळ धीराचा आहे, तू झोपा काढून राहिलीस.

ती उठून बसली. शांतपणे म्हणाली, "बाबा, माझ्याकडं धीर लई हाये. तुमीच घाई करून राहिला."

बाकीची लेकरं ऐकत होती. मी शिट्टी वाजवून सराव संपवला.

घरी येताना मोटरसायकलवर मागं बसली होती, पण धरलं नव्हतं मला. तांड्याजवळ उतरते म्हणाली. थावराच्या एका बोकडाचा पाय सुजलाय. थावरा परवा रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला होता, "शिवहारभाऊ, तुमच्या पोरीच्या हाताला गुण हाये. डाक्टर यायच्या आधी मी तिलाच बोलावतो." मला बरं वाटलं नाही. हात सुकाणूवर हवेत तिचे, बोकडाच्या पायावर नाही.

२५ जानेवारी, रविवार

सलग सहा दिवस सराव. तिचं वजन दीड किलोनं उतरलं. हलक्या वाऱ्यात ते चांगलंच. साधनाला हे सांगितलं तर तिनं ताट माझ्यासमोरून उचलून राजनंदिनीसमोर ठेवलं.

माझे गुडघे दुखतात. काठावर उभं राहून काय दुखायचं, कळत नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

पुण्याहून येणारे मुख्य पंच जिन्यावरून पडले. पाय मोडला. संघटनेचा फोन आला की इतक्या घाईत दुसरा माणूस नाही, परवाना तुमच्याकडं आहे, पंच म्हणून तुम्हीच उभे राहा.

मी नाही म्हणालो. माझीच पोरगी शर्यतीत आहे. ते म्हणाले की पालकांची हरकत नसेल तर चालेल, नाहीतर स्पर्धा दुसरीकडं न्यावी लागेल. मग एकेका पालकाला फोन लावले. बाहेरगावचे हो म्हणाले. धर्मसिंगकडं स्वतः गेलो, कारण खरा प्रश्न त्याचाच. तो जाळं शिवत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, तुमीच करा. तुमच्या हातून खोटं व्हणार न्हाई."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात फिरत होतं.

म्हणजे दोन दिवस मी पंचांच्या बोटीवर. तिला एक शब्दसुद्धा सांगता येणार नाही. राजनंदिनीला हे सांगितलं. तिनं हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "एकसुद्धा न्हाई?" मी म्हणालो, एकसुद्धा नाही. मला वाटलं ती घाबरली. धीर द्यायला म्हणून पाठीवर हात ठेवला.

७ फेब्रुवारी, शनिवार

अकरा मुली. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडच्या सात, आमच्या चार. वेळ नोंदवायला शाळेतले गणिताचे देविदास सर माझ्याबरोबर बोटीवर. माणूस काटेकोर. दोन घड्याळं घेऊन आले.

तीन शर्यती झाल्या. बाहेरच्या मुली चांगल्या तयारीच्या, पण आमच्या पाण्यावरचा वारा त्यांना कळेना. सगळा खेळ पुजा आणि राजनंदिनीचा. रात्रीपुरता हिशेब असा: पुजा एका गुणानं पुढं. उद्या एकच शर्यत. राजनंदिनी पहिली आणि पुजा दुसरी आली तर बरोबरी होते आणि बरोबरीत शेवटची शर्यत जिंकणारीला मान, म्हणजे जागा तिची. पुजा पहिली आली किंवा शर्यत पूर्णच झाली नाही, तर जागा पुजाची.

शर्यतीला नव्वद मिनिटांची मर्यादा आहे. पहिली होडी तेवढ्यात रेषा ओलांडून आली नाही तर शर्यत रद्द.

एक गोष्ट लिहायची राहिली. आज राजनंदिनी फार छान चालवत होती. मागच्या वर्षभरात इतकं सैल बसलेलं पाहिलं नव्हतं तिला. मी गप्प होतो तरी चुकली नाही. शिकवलेलं मुरलं म्हणायचं.

८ फेब्रुवारी, रविवार

अकरा वीसला भोंगा वाजवला. वारा आग्नेयेकडून, जेमतेम.

सगळ्या होड्या डावीकडं गेल्या, कारण तिकडं पाणी काळपट दिसत होतं. राजनंदिनी एकटी उजव्या काठाला लागून गेली. मी काठावर असतो तर ओरडलो असतो. दहा मिनिटांत डावीकडचा वारा मेला आणि उजवीकडच्या टेकडीवरून एक बारीक झुळूक उतरली, ती हिच्याच शिडात. वळायच्या पहिल्या तरंगत्या बोयाला ती आली तेव्हा दुसरी होडी दोनशे मीटर मागं होती. दुसरी पुजाच.

दुसऱ्या फेरीत वारा आणखी पडला. देविदास सर दर पाच मिनिटांनी वेळ सांगत होते. मी त्यांना मनात शिव्या देत होतो. ऐंशी मिनिटं झाली तेव्हा ती शेवटच्या टप्प्यात, रेषेपासून चाळीस मीटर. आणि वारा संपला. शीड लोंबायला लागलं.

दहा मिनिटांत चाळीस मीटर. एक झुळूक पुरे.

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला तिच्या डाव्या हाताला पाण्यावर सुरकुत्या उठल्या. फार लांब नाही. होडी थोडी कलती करून नाक तिकडं वळवलं की झुळूक शिडात आली असती आणि तीच तिला रेषेपार घेऊन आली असती. तिनं मान वळवली. मी स्वतः पाहिलं. तिनं त्या सुरकुत्यांकडं नीट पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. पंचांच्या बोटीवर मी उभा, तोंड उघडं, आवाज नाही.

तिनं सुकाणू हलवलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून सरळ बसून राहिली. झुळूक तिच्या मागून निघून गेली.

देविदास सर म्हणाले, "एक मिनिट, सर." मग, "तीस सेकंद." मग त्यांनी माझ्याकडं बघणं टाळलं.

नव्वद झाले. मी निळ्यापांढऱ्या चौकटींचा झेंडा वर केला आणि भोंगा तीनदा वाजवला. शर्यत रद्द. एका सेकंदाचाही उशीर केला नाही. एवढं तरी लिहून ठेवतो.

बक्षीस समारंभ झाला. पुजाला कप देताना धर्मसिंग मागं उभा राहून रडत होता, आवाज न करता. माझी पोरगी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. मला वाटलं धक्का बसलाय तिला.

उन्हं कलल्यावर शेडमध्ये दोघंच शिडं घडी करत होतो. मी शांतपणेच विचारायचं ठरवलं होतं. म्हणालो, डावीकडून झुळूक आली होती, सहा मिनिटं बाकी होती, तुला दिसली नाही का?

ती म्हणाली, "दिसली व्हती."

मी घडी करायचा थांबलो. मग का घेतली नाहीस, असं विचारलं.

"जिंकता येतं का ते बघायचं व्हतं, बाबा. येतं. पण जायचं न्हाई मला."

मग जे सुचलं तेच बोललो, की आधी सांगायचं होतंस. ती म्हणाली की तीनदा सांगितलं, तुम्ही प्रत्येक वेळी वाऱ्याचं काहीतरी बोलला.

मला तीनपैकी एकही आठवत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

शाळेत रजा टाकली. आठ वर्षांत पहिली.

सकाळभर नियमांचं पुस्तक चाळत बसलो. मुद्दाम हरणं हा खेळाचा अपमान आहे, मी स्वतः लेकरांना हे शिकवलंय. पण कोणती झुळूक घ्यायची, कोणती सोडायची, हे होडी चालवणाऱ्याचं. पंच म्हणून मला काय दिसलं? एका मुलीनं होडी वळवली नाही, एवढंच. बाप म्हणून काय कळलं, ते नोंदवायला रकाना नाही. निकाल बदलत नाही, कारण पुजा शनिवारपासूनच पुढं होती. तरी टोचत राहिलं.

दुपारी साधना जवळ येऊन बसली. तिला सगळं माहीत होतं. माहितीपत्रक तिनंच हिंगोलीहून आणून दिलेलं. मी म्हणालो, मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, "सांगितलं की. संक्रांतीला शेडवर काय तिळगूळ द्यायला आले व्हते का मी?"

मग रागावलो. सगळ्या घरानं मिळून मला फसवलं असं काहीतरी बोललो. ती उठून गेली नाही. म्हणाली, "तुमाला कुणी फसवलं न्हाई. तुमी थकले. थकलेल्या माणसाला ऐकू येत न्हाई."

मी थकलेलो नाही म्हणालो. आणि दुपारी दोनला जो झोपलो तो दिवेलागणीला उठलो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सवयीनं पाचला जाग आली. शेडवर गेलो तर पुजा आधीच होडी पाण्यात ढकलत होती. मला बघून थांबली. तिच्या मनात काहीतरी होतं, ते लगेच बाहेर आलं.

"सर, राजीला झुळूक दिसली व्हती. मला मागून दिसली, मग तिला कशी न्हाई दिसणार? मी जिंकले का, सर?"

पोरीनं दोन रात्री हे मनात धरून काढल्या असणार. मी तिला खरं तेच सांगितलं. शनिवारी तीन शर्यती झाल्या, त्यात राजनंदिनी पूर्ण ताकदीनं चालवत होती आणि तरी तू पुढं होतीस. ती जागा तुझी आहे, कुणी दिलेली नाही.

तिला पटलं की नाही, कळलं नाही. पण खांदे जरा खाली आले.

मग मी तिला विचारलं, जे आठ वर्षांत विचारलं नव्हतं. तू पलीकडच्या काठाकडं काय बघत असतेस?

ती सांगायला लागली आणि थांबेचना. पलीकडं वीटभट्टी आहे, तिचा धूर. पाण्यावर सुरकुत्या उठायच्या आधी तो वाकतो. धूर सरळ वर गेला की दहा मिनिटं काहीच करायचं नाही. गव्हाच्या रानावरून येणारी झुळूक थंड लागते, ती टिकते. खडकावरून येणारी गरम, ती फसवी. बापाबरोबर जाळी टाकताना पाहून पाहून कळलं म्हणाली. मी पंधरा वर्षं समुद्रावर होतो आणि या धरणावर आठ, यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. तिला मी लक्ष देत जा म्हणून सांगितलं होतं.

नवी होडी बाहेर काढून दिली. म्हणालो, जाईपर्यंत हीच चालव. तिनं हात लावून पाहिला आणि म्हणाली की जुनीची सवय आहे, पण बघते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पुजाच्या कागदांवर प्रशिक्षक म्हणून सही केली. शेरा लिहायला चार ओळींची जागा होती. पाच वेळा खोडलं. शेवटी लिहिलं, हिला वारा कळतो.

संध्याकाळी राजनंदिनी म्हणाली की तांड्यावर येता का. गेलो. थावराची एक शेळी अडली होती. पिलू आडवं आलं होतं. राजनंदिनी गुडघ्यावर बसली, हात धुतले, कोपरापर्यंत तेल लावलं. थावरा शेळीचं डोकं धरून होता. मी काय करू विचारलं तर ती म्हणाली, काही नका करू, उभे राहा. आवाजात राग नव्हता. मी असा आवाज होडीवर कधी काढू शकलो नाही.

पाऊण तास लागला. ती घाई करत नव्हती. शेळी कळ देईल तेव्हा थांबायची, सैल पडली की हात हलवायची. पिलू आलं ते निपचित. तिनं त्याच्या नाकातला चिकटा काढला, पाय धरून हलकेच झुलवलं, गवतानं घासलं. मला वाटलं गेलं. तिला वाटत नव्हतं. मग ते शिंकलं.

थावरा माझ्याकडं बघून हसला. मी पदविकेच्या अर्जाची शेवटची तारीख विचारली. ती म्हणाली, अजून वेळ हाये.

१८ फेब्रुवारी, बुधवार

हिंगोली स्टेशनला पुजा आणि धर्मसिंगला सोडायला गेलो. राजनंदिनी आणि पुजा पायऱ्यांवर बसून काहीतरी कुजबुजत हसत होत्या. गाडी हलली तेव्हा पुजानं मला हात केला नाही. ती खिडकीतून पलीकडं बघत होती, झाडांच्या शेंड्यांकडं.

येताना जीपमध्ये राजनंदिनी म्हणाली, रविवारी पाण्यावर जाऊ. मला वाटलं मन बदललं. तोंडावर दिसलं असेल, कारण ती लगेच म्हणाली, "शर्यतीचं न्हाई. नुसतं. मोठ्या होडीत. सुकाणू माझ्याकडं, तुमी पुढं बसायचं."

२२ फेब्रुवारी, रविवार

दोघांची जुनी होडी काढली. नऊ वाजून गेले होते. इतक्या उशिरा मी कधी पाण्यावर गेलेलो नाही.

वारा नव्हताच. मध्यापर्यंत कसेबसे गेलो आणि तिथंच राहिलो. ऊन पाठीवर येत होतं. दोनदा माझ्या तोंडात सूचना आली, दोनदा गिळली. तिसऱ्यांदा अर्धी बाहेर पडली. ती म्हणाली, "बाबा," एवढंच. मी तळाशी उतरून पाय पसरले, लाकडाला डोकं टेकवलं. जरा डोळे मिटतो म्हणालो.

जाग आली तेव्हा होडी काठाच्या वाळूत लागलेली होती. शीड उतरवून घडी केलेलं. माझ्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून तिनं ओढणी दोरीवर बांधलेली. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून तोंड धूत होती. सूर्य डोक्यावर आलेला.

मध्यापासून काठापर्यंत पाऊण किलोमीटर तरी आहे. तेवढ्यात कितीदा वारा फिरला, कितीदा तिनं होडी पालटली, मला काहीच माहीत नाही. विचारावंसं वाटलं नाही. अजून थोडा वेळ तसाच पडून राहिलो. तिनंही उठवलं नाही.